ठाण्यातलं गाऱ्हाणं

“देवाला काय सांगू मी?” मी विचारलं. “बाथरूममध्ये पाय घसरून पडला, हेच सांगू?”

रावजी हवालदार माझ्या अंगणात उभा होता. टोपी हातात, नजर जमिनीवर. येत्या मंगळवारी सकाळी खारदळ पोलीस ठाण्यात गाऱ्हाणं घालायचं, असा निरोप घेऊन तो आला होता. नारळ ठाण्याचा, पेढे ठाण्याचे, मी फक्त तोंड घेऊन जायचं. म्हणे ठाण्याला ग्रह लागलाय. जीप व्हाळात, ओढ्यात गेली. एका शिपायाला कावीळ झाली. रावजीच्या मुलाचा पाय मोटारसायकलवरून पडून दोन ठिकाणी मोडला. आणि लॉकअपशेजारच्या कोपऱ्यातल्या खोलीत एकट्याने बसायला कुणी तयार नाही.

“गावकारानू, असां काय बोलतास?” रावजी हळूच म्हणाला. “ठाण्यातली माणसां पण तुमचीच ना?”

“आणि बाबू कोणाचा होता?”

घरातून माझी बायको गोदा ओरडली, “आत्ता इचारतास? तेवा खय गेल्ली होती अक्कल?”

बरोबरच बोलली. तेव्हा अक्कल कुठे गेली होती, हाच तर प्रश्न आहे. रावजीवर तोंड टाकायला मी मोकळा, पण त्या प्रकरणात माझं स्वतःचं नाव कागदावर आहे. खाली सहीसकट.

मी गंगाराम. खारदळच्या ग्रामपंचायतीत चौतीस वर्षं शिपाई होतो. घंटा वाजवली, नोटिसा चिकटवल्या, साहेब लोकांना पाणी दिलं. गावात मला दोन गोष्टींमुळे ओळखतात. एक म्हणजे देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा, म्हणून मला गावकार म्हणतात. कुणाच्या घरी आजारपण असो, होडी पाण्यात घालायची असो, नारळ ठेवायचा आणि मोठ्याने देवाला हाक मारायची ती मी. दुसरी गोष्ट म्हणजे मी पोलिसांचा कायमचा पंच. पंचनाम्याला दोन साक्षीदार लागतात, आणि ठाणं माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दारू पकडली, बोलवा गंगारामाला. मोटारसायकल सापडली, बोलवा गंगारामाला. मी जायचो, खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, आणि जिथे बोट दाखवतील तिथे सही करून यायचो. सरकारी कागदावर आपलं नाव लागतं म्हणून वर छाती फुगवून घरी यायचो. थू त्या छातीवर.

भाद्रपदात, दीड दिवसाचे गणपती गेल्यावर चार दिवसांनी, मला असंच बोलावलं. पंधरा वर्षं खलाशी म्हणून बोटीवर जाणारा बाबू ठाण्यातल्या बाकावर बसला होता. कुणाच्या तरी होडीचं इंजिन चोरीला गेलं होतं आणि संशय त्याच्यावर. त्याच दिवशी सकाळी मी त्याला जेटीवर पाहिलं होतं, पाठीवर बर्फाची लादी घेऊन पळत होता. धडधाकट. आता बाकावरून मला बघून हसला आणि म्हणाला, “काकानू, सगुणाक सांगा, जेवान झाकून ठेव म्हणान.”

ठाण्याच्या साहेबांनी दोन कागद पुढे सरकवले. वरती चार ओळी लिहिलेल्या, खाली सगळं कोरं. मी विचारलं नाही. चौतीस वर्षं साहेब लोकांपुढे उभा राहिलेला माणूस विचारत नाही. सही केली, चहा प्यायलो. घरी जाताना त्याच्या बायकोच्या, सगुणेच्या दारात थांबलो. ती कावरीबावरी झाली होती. तिचा भाऊ पूर्णगडला असतो, राजकारणात थोडी उठबस आहे त्याची, त्याला फोन करू का, असं विचारत होती. मी काय म्हणालो? “कशाक फोन? मी पंच आसय ना. सांजचो येतलो घराक.”

माझ्या शब्दावर ती थांबली. नुसती थांबली नाही, जेवण झाकून ठेवून वाट बघत बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबू मेला. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणे.

मला तेव्हा वाईट वाटलं, पण मी वाईट वाटून घेऊन जेवलो आणि झोपलो. माणूस किती कोडगा होऊ शकतो हे मी स्वतःवरून सांगतो. पाच महिने असेच गेले. मग एक दिवस सगुणा आली. वकिलाने काढून दिलेली झेरॉक्स तिच्या हातात होती. ओटीवर न बसता, उभ्यानेच तिने मला वाचून दाखवलं:

“‘अटकेच्या वेळी आरोपीच्या पाठीवर, मांड्यांवर व दोन्ही तळपायांवर माराचे जुने वळ दिसून आले. त्याबाबत विचारता, बोटीवर पडल्याचे त्याने पंचांसमक्ष सांगितले.’”

खाली माझी सही. गंगाराम, गं ला लांब शेपूट काढलेली.

“काकानू,” ती म्हणाली, “तुमी बघितलात वळ?”

त्या कोऱ्या जागेत काय भरलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. मार त्यांनी दिला, आणि तो आधीचाच होता याचा साक्षीदार मी. मी एकदाही न पाहिलेल्या पाठीबद्दल माझी सही बोलत होती.

“बरां,” ती म्हणाली. कागदाची घडी घालून निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

त्यानंतर मला समन्स आलं. कोठडीत माणूस मेला की न्यायाधीशांपुढे चौकशी होते, तिथे पंच म्हणून जबाब द्यायचा. साहेबांना माझ्याआधी खबर. त्यांनी बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा मागवला. साहेब घाटावरचे, गोड बोलतात.

“काका, पंचनाम्यात जे आहे तेच सांगायचं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. नाही तर तुम्हीच खोट्या कागदावर सही केली असा अर्थ होतो. मग या वयात आत जावं लागेल. मला काही बरं वाटणार नाही ते.”

त्या दिवशी मी चहा प्यायलो नाही. एवढीच काय ती माझी बहादुरी. जबाबाची तारीख सोमवारची होती आणि ठाण्यातलं गाऱ्हाणं त्याच्या आधीच्या मंगळवारी. गाऱ्हाण्यानंतर सहा दिवसांनी मी न्यायाधीशांपुढे काय बोलणार, हे मलाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर, पंचनाम्याप्रमाणेच बोलून मोकळं व्हायचं, असं माझं मन ऐंशी टक्के झालं होतं. भीती वाटते हो. सहासष्टाव्या वर्षी लॉकअपच्या फरशीवर झोपायची भीती वाटते. आणि तिथे फरशीवर झोपण्यापलीकडे काय होतं, तेही आता ठाऊक झालं होतं.

आणि त्यात हा रावजी अंगणात उभा.

“गाऱ्हाणा घालतंय,” मी त्याला म्हणालो. “पण रीत म्हायत आसा ना तुका?”

रीत अशी की ज्याच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं, त्याने गावकाराला घडलं ते खरं सांगायचं. काय चुकलं, कुणाचं चुकलं, कधी चुकलं. गावकार ते देवापुढे मांडतो आणि मग मागणं मागतो. खोटं मांडलं तर गाऱ्हाणं उलटतं, ज्याने घालायला लावलं त्याच्याच घरावर येतं. हे आमच्या गावात शाळेत न गेलेल्या पोरालाही माहीत आहे. न्यायाधीशापुढे शपथ घेऊन खोटं बोलतील, पण गावकाराला खोटं सांगायची कुणाची टाप नाही.

रावजी आमच्याच तालुक्यातला. तो मटकन पायरीवर बसला.

“मनात घालशात ना? तोंडान नको, मनात.”

“आधी सांग तर.”

मग त्याने सांगितलं. त्याचा आवाज इतका खाली गेला की मला त्याच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. कोपऱ्यातली खोली. तीन दिवस. पट्टा साहेबांच्या हातात. पहिल्या दिवशी बाबू ओरडत होता, दुसऱ्या दिवशी नुसता पाणी मागत होता. तिसऱ्या दिवशी त्याला उभं राहता येईना, तरी डॉक्टरकडे नेला नाही, कारण डॉक्टरने अंग बघितलं असतं. एकादशीच्या दुपारी मेल्यावर त्याला उचलून बाथरूममध्ये नेऊन ठेवला.

“आणि तू?” मी विचारलं.

“मी पाय धरललंय,” रावजी म्हणाला. “मारताना. पाय धरूक लावल्यानी माका.” आणि हा एवढा मोठा मिशीवाला माणूस माझ्या पायरीवर हमसून हमसून रडला. “त्याच पायार इला बगा, गावकारानू. माझ्या झिलाच्या पायार.”

मला त्याची दया आली नाही. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, मुलाचा पाय मोडला म्हणून याला बाबूचे पाय आठवले. नसता मोडला तर हा सुखाने पेन्शन घेऊन घरी गेला असता. आणि मग वाटलं, तू कोण रे मोठा लागून गेलास, गंगाराम? तुझ्या दारात सगुणा झेरॉक्स घेऊन आली म्हणून तुला आठवलं.

मंगळवारी सकाळी मी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, खांद्यावर टॉवेल टाकून ठाण्यात गेलो. आवारातल्या आंब्याखाली पाट मांडला होता. नारळ, पानाचा विडा, उदबत्ती, पेढ्यांची परात, सगळं शिस्तीत. ठाण्यातले नऊजण गणवेशात ओळीने उभे. पेढ्यांसाठी म्हणा किंवा गंमत म्हणून, गावातली पंचवीसेक माणसं जमली होती. साहेब सगळ्यांत पुढे, चपला काढून, हात जोडून. फाटकाबाहेर सगुणा उभी होती. ती रोजच येऊन उभी राहायची. तिला आत घेत नसत.

“काका, नेमकं काय म्हणायचं असतं आम्ही?” साहेबांनी हसत विचारलं.

“मी ‘म्हाराजा’ म्हटलं की तुम्ही सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एवढंच.”

आता गाऱ्हाण्याला एक ठेका असतो. मागची माणसं शब्द ऐकत नसतात, ठेक्याची वाट बघत असतात. लहानपणापासूनची सवय. ‘म्हाराजा’ आला की आपोआप तोंडातून ‘व्हय म्हाराजा’ जातं. त्यातून माझी भाषा ठेवणीतली, गावची. घाटावरच्या साहेबांना निम्मी कळली तरी पुष्कळ.

खरं सांगतो, नारळ हातात घेईपर्यंत मी काही ठरवलं नव्हतं. रावजी माझ्याकडे बघत होता, डोळ्यांनी ‘मनात, मनात’ म्हणत होता. मीही तसंच करणार होतो बहुतेक. डोळे मिटले आणि सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा! बारा वाटांच्या, बारा पाणवठ्यांच्या राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या ठाण्यातल्या लेकरांनी तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो आसा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा.

इथे थांबून पुढचं मनात घालायचं होतं. पण मला एवढा संताप आला की काय सांगू. त्या मोठ्या, खणखणीत आवाजाचा संताप. पेढ्यांच्या परातीचा संताप. माणूस मारून देवाला पेढे! माझं तोंड मिटेना.

“ह्या जाग्यार काय चुकला ता तुका सांगतंय म्हाराजा! थयसर कोपऱ्यातल्या खोलयेत बाबू खलाशाक तीन दीस डांबून ठेवल्यानी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्येच्या पाठयेर पट्टो चलवल्यानी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” साहेबांचा आवाज अजूनही त्यात होता. हात जोडलेले, डोळे मिटलेले. पण गावातल्या माणसांचा आवाज आता अर्ध्यावर आला होता.

“पाणी मागलो, पाणी दिल्यानी नाय म्हाराजा! डॉक्टराक दाखवल्यानी नाय म्हाराजा! एकादशीच्या दनपारी मेलो, आणि मेल्यार उचलून न्हाणयेत नेऊन ठेवल्यानी म्हाराजा!”

“व्हय...” असं दोन-तीन शिपाई म्हणाले आणि तिथेच अडकले. रावजी मात्र पूर्ण म्हणाला. एकट्याने. “व्हय म्हाराजा.” त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं.

साहेबांनी डोळे उघडले. सगळं कळलं नसेल, पण ‘पट्टो’ आणि ‘डॉक्टर’ कळायला काय भाषा लागते? त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पंचवीस माणसं त्यांच्याकडेच बघत होती.

“अहो, बस झालं,” ते म्हणाले. “नारळ फोडा.”

गाऱ्हाणं मध्ये तोडत नाहीत. माझं अजून एक मांडायचं राहिलं होतं आणि ते सगळ्यांत कठीण होतं.

“आणि बाबूच्या अंगार वळ आधीपासून होते, अशा खोट्या कागदार सई केल्यान, तो मी गंगाराम म्हाराजा! मी कायएक बघलेलंय नाय म्हाराजा! ‘सांजचो घराक येतलो’ असां सांगून त्येच्या बायलेक मी घरात बसवलंय म्हाराजा! ह्या पाप माझा आसा म्हाराजा!”

‘व्हय’ आलं नाही. इतक्या वर्षांत माझं गाऱ्हाणं असं उत्तराशिवाय कधी राहिलं नव्हतं. मी नारळ धरून उभा होतो आणि मला वाटलं, आता हे उत्तर येणारच नाही, हे असंच घेऊन घरी जावं लागणार.

“व्हय म्हाराजा.”

फाटकाकडून आवाज आला. बाईमाणसाचा. आमच्याकडे गाऱ्हाण्याला बायका होकार देत नाहीत. सगुणा माझ्याकडे बघत होती. ‘व्हय’ म्हणजे माफी नव्हे, हे मला कळत होतं. हे पाप तुझंच आहे, असं ती म्हणाली होती. तिचंच म्हणणं देवापर्यंत जायला हवं होतं, आणि ते गेलं.

मी नारळ फोडला. पेढ्यांना कुणी हात लावला नाही.

“गाऱ्हाणं झालं ना?” साहेब म्हणाले. आवाज पुन्हा गोड. “चला काका, आत या जरा. एक छोटं स्टेटमेंट घ्यायचंय. बाकीच्यांनी घरी जा.”

दोन शिपाई माझ्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले. गावातली माणसं एकेक पाऊल मागे सरली. मी त्यांना दोष देत नाही. मीही आयुष्यभर मागेच सरलो. लाज सोडून सांगतो, मला लघवीला झाल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात सगुणेने फाटक ढकललं. पहाऱ्यावरचा शिपाई “ए बाई” म्हणेपर्यंत ती पाटापर्यंत येऊन पोचली.

“काकानू, शर्ट काढा.”

“काय?”

“शर्ट काढा म्हणतंय. आत जावच्या आधी.”

मी बटणं सोडली. खालचं बटण तुटूनच आलं. शर्ट काढून उघडा उभा राहिलो. म्हाताऱ्या माणसाचं अंग ते, बरगड्या मोजाव्यात असं. तिने माझा खांदा धरून मला गावाकडे पाठ करून उभं केलं.

“बगा सगळ्यांनी,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “पाठ बगा. हात बगा. काकानू, लेंगो वर करा. पाय बगा. एक तरी वरखडो आसा?”

दोघा-तिघांनी नुसत्या माना हलवल्या.

“आसा काय नाय? तोंडान सांगा.”

“नाय,” एकजण म्हणाला. मग आणखी कुणी, मग चार-पाचजण. मागे सरलेली माणसं पुढे आली होती. एकाने मोबाइल वर धरला. मी आयुष्यात चाळीसेक पंचनामे केले असतील. खरा पंचनामा म्हणजे काय ते त्या दिवशी माझ्याच अंगावर बघितलं.

“हे काय नाटक चालवलंय?” साहेब ओरडले. गोडवा गेला एकदाचा. “हवालदार, बाहेर काढा हिला!”

रावजी जागचा हलला नाही.

“रावजीनू,” सगुणा त्याच्याकडे न बघताच म्हणाली, “किती वाजले?”

रावजीने मनगटावरचं घड्याळ बघितलं. साहेबांकडेही बघितलं. “अकरा वाजून ईस मिंटां,” तो म्हणाला.

“अकरा वाजून ईस मिंटांनी गेले,” ती गावाला म्हणाली. “आपल्या पायांनी चलत गेले. परत चलत भायर येतले, तवसर मी हयसरच बसतंय.”

आणि ती ठाण्याच्या पायरीशी, दाराच्या समोर, जमिनीवर मांडी घालून बसली. तिच्या बाजूला आणखी दोघी येऊन बसल्या. मी शर्ट अंगात घातला आणि तिच्या बाजूने पायरी चढून आत गेलो. माझ्या मागे दार लावायला कुणाचा हात पुढे झाला नाही.